२७ फेब्रुवारी हा राजभाषा दिन नव्हे
२७ फेब्रुवारीला शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने हमखास लिहिलं जातं, ‘मराठी राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’. हे चूक आहे. हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२), आणि शासनाने त्याला दिलेलं नाव ‘मराठी भाषा गौरव दिन’. राजभाषा दिन १ मेचा, महाराष्ट्र दिनाच्या जोडीने येणारा. तिथे झेंडावंदनापुढे त्याची आठवणच राहत नाही, म्हणून हे नाव फेब्रुवारीला चिकटलं असावं.

फरक नुसत्या नावाचा नाही. गौरव दिन साहित्याचा, कवितेचा. राजभाषा ही कायद्याची गोष्ट: १९६४चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६६पासून अमलात. सरकारी कामकाज मराठीत मागण्याचा आपला आधार तोच. फलक रंगवण्याआधी ‘राजभाषा’ खोडा, ‘भाषा गौरव’ लिहा.