खुलासा : आटलेल्या तळ्यातला पॅरामिशियम

मराठवाड्यातला पाझर तलाव मे महिन्यात आटून तळाच्या काळ्या मातीला भेगा पडल्या, तरी सिलिएट, म्हणजे अंगावर पक्ष्म, म्हणजे सूक्ष्म केसांसारखे तंतू, असणारे एकपेशीय जीव, कवचात शिरून तग धरतात आणि पॅरामिशियमही त्यांपैकीच एक, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातले पहिले विधान काही सिलिएटांपुरते खरे आहे. पॅरामिशियमबाबत मात्र अशी पुटी, म्हणजे कवचबंद अवस्था, आजवर खात्रीने सिद्ध झालेली नाही.

मातीत राहणारा कोल्पोडा हा सिलिएट पुटी खरोखर करतो. ओल सरू लागली की तो गोल होतो, पक्ष्म गमावतो, पेशीतले पाणी बाहेर टाकतो आणि भोवती थराथरांची भिंत स्रवतो. अशा अवस्थेत तो वर्षानुवर्षे टिकतो व ओल मिळताच काही तासांत पुन्हा पोहू लागतो.

पॅरामिशियमच्या संकोचशील रिक्तिका, म्हणजे पेशीतल्या आकुंचन पावणाऱ्या पोकळ्या, आत शिरलेले जादा पाणी सतत बाहेर फेकतात, पण पेशी पूर्ण वाळली की ती मरते. म्हणूनच प्रयोगशाळेत पॅरामिशियम वाढवताना वाळलेले गवत उकळून केलेल्या काढ्यात तळ्याचे पाणी घालावे लागते: गवत जिवाणूंना खाद्य पुरवते, जिवाणू पॅरामिशियमला, आणि पॅरामिशियम येतो तो त्या तळ्याच्या पाण्यातून.