उच्चबल काँक्रीटच्या ताणवर्तनाचे संगणकीय प्रतिमान

उच्चबल काँक्रीट ओढले गेल्यावर त्यात तडा कुठे सुरू होईल, कसा रुंदावेल आणि तडकल्यावरही ते किती भार धरील, हे संगणकावर आजमावण्याची पद्धत. भारतीय मानक आयएस 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत एम 60 ते एम 80 या प्रती (दर्जे; ‘एम’ पुढचा आकडा म्हणजे मेगापास्कलमधील दाबसामर्थ्य) उच्चबल मानल्या आहेत. एम 55 च्या पुढे संहितेतील नेहमीची मूल्ये लागू पडतीलच असे नाही, असेही तिथेच म्हटले आहे.

काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला कच्चे. ताकद वाढवली तरी हा कच्चेपणा जात नाही. युरोकोड 2 या काँक्रीट बांधकामाच्या युरोपीय संहितेनुसार 30 मेगापास्कल दाब सोसणाऱ्या काँक्रीटचे ताणसामर्थ्य सरासरी 2.9 मेगापास्कल, तर 90 वाल्याचे 5.0 मेगापास्कल. म्हणजे दाबात तिप्पट, ताणात दुप्पटही नाही.

फुटलेला तुकडा हातात घेतला की आणखी एक फरक दिसतो. साध्या काँक्रीटमध्ये तडा खडीला वळसा घालून जातो. एका बाजूला दाणे वर आलेले, दुसरीकडे त्यांचे खळगे. उच्चबल काँक्रीटमध्ये पाणी कमी आणि बहुधा सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) घातलेली, त्यामुळे खडीला चिकटलेला सिमेंटचा थर इतका घट्ट होतो की तडा खडीलाच चिरत जातो. फुटलेली बाजू त्या मानाने सपाट असते. दातात दात अडकून राहण्याची सोय गेल्याने काँक्रीट अधिक ठिसूळ होते.

हा ठिसूळपणा आकड्यांत पकडायला स्वीडनमधील लुंड येथील हिलरबोर्ग, मोदेर आणि पेटरसन यांचे 1976 चे ‘काल्पनिक तडा’ प्रतिमान उपयोगी पडते. त्यात तडा पडताक्षणी तड्याच्या दोन बाजूंमधला ताण शून्य होत नाही; तडा रुंदावेल तसा तो उतरत जातो. या उतरत्या वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे भंगऊर्जा, तड्याचे एकक क्षेत्र पूर्ण फोडायला लागणारी ऊर्जा. स्थितिस्थापकता गुणांकाला (पदार्थाच्या ताठपणाच्या मापाला) भंगऊर्जेने गुणून ताणसामर्थ्याच्या वर्गाने भागले की एक लांबी मिळते. ती जितकी कमी तितका पदार्थ ठिसूळ. भागाकारात वर्ग असल्याने ताकद थोडी वाढली तरी ही लांबी झपाट्याने घटते.

संगणकात वस्तू छोट्या घटकांच्या जाळीत विभागून गणित करतात, आणि खरी मेख या जाळीची असते. ताण आणि विकृती (लांबीतील सापेक्ष वाढ) यांच्या उतरत्या वक्राचा एकच उतार सगळीकडे वापरला, तर तीच तुळई बारीक जाळीत लवकर तुटते, जाड जाळीत उशिरा. बाझांत आणि ओह यांनी 1983 मध्ये तडा एका पट्ट्यात पसरलेला धरला आणि भंगऊर्जा तीच राहील अशा बेताने घटकाच्या आकारानुसार उतार बदलला. हा उपाय आजही रुळलेला आहे.

उतरता वक्र मोजणे मात्र कष्टाचे. यंत्र नुसता भार वाढवत गेले तर नमुना शिखरावरच फटकन तुटतो आणि पुढची नोंद मिळतच नाही. म्हणून खाच पाडलेली तुळई तड्याच्या रुंदीवर नियंत्रण ठेवून वाकवतात आणि मिळालेल्या आलेखाशी प्रतिमान जुळेपर्यंत वक्र बदलत राहतात.