इब्री लोकांस पत्र

बायबलच्या नव्या करारातील १३ अध्यायांचे ग्रीक लेखन. नाव पत्राचे असले तरी आरंभी ना लेखकाचे नाव, ना अभिवादन. शेवटचा थोडा मजकूर वगळला तर ते प्रवचनच आहे. परंपरेने ते येशूचा प्रेषित पौल याचे मानले, पण शैली त्याची नाही हे तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ऑरिजेननेही ओळखले होते. ते कोणी लिहिले हे देवच जाणे, असे तो म्हणतो. आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने पौलाचा सहकारी बर्णबाचे, तर धर्मसुधारक मार्टिन लूथरने आद्य चर्चमधील उपदेशक अपुल्लोचे नाव पुढे केले. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले. त्याचा उल्लेख नाही म्हणून काहीजण पत्र त्यापूर्वीचे ठरवतात. हा पुरावा तसा लंगडाच, कारण लेखक मंदिराविषयी बोलतच नाही. त्याच्यासमोर आहे मोशेच्या काळातला निवासमंडप, म्हणजे उपासनेचा फिरता तंबू.

यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक (पुरोहित) पशूचे रक्त घेऊन परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या दालनात जाई, तेही वर्षातून त्या एकाच दिवशी. लेखक नेमके इथे बोट ठेवतो: पाप खरोखर गेले असते तर दरवर्षी पुन्हा बळी कशाला लागले असते? ख्रिस्त स्वतःच याजक आणि स्वतःच अर्पण, म्हणून त्याचा यज्ञ एकदाच झाला आणि पुरला. अडचण एवढीच, की येशू इस्राएलच्या बारा वंशांपैकी यहूदाच्या वंशातला. याजकपण लेवीच्या वंशाकडे. त्यावर लेखक बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील मलकीसदेकाला पुढे आणतो. या शालेमच्या राजाला लेवीचा पूर्वज अब्राहाम याने दशमांश दिला होता आणि ११०व्या स्तोत्रात त्याच्या नावाने सनातन याजकपण सांगितले आहे. युक्तिवाद चतुर आहे, आजच्या वाचकाला थोडा दमवणाराही.

यज्ञ संपला, मग भक्ताने करायचे काय? विश्वास धरायचा. अकराव्या अध्यायातली विश्वासवीरांची प्रसिद्ध यादी इथून निघते. वाचकांची मालमत्ता लुटली गेली होती, काहींनी सभेला येणे सोडले होते. त्यांना जुन्या करारातील हाबेल, नोहा, राहाब यांची आठवण करून दिली जाते. हाबेलाचे अर्पण विश्वासामुळे मान्य झाले. देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो, या भरवशावर अब्राहाम आपला मुलगा इसहाकाला अर्पण करायला निघाला. पण वचनाची पूर्ती न पाहताच ही माणसे मेली, हेही लेखक लपवत नाही. इथला विश्वास मत मान्य करण्यापेक्षा तग धरण्याच्या अधिक जवळचा आहे.

सहाव्या अध्यायातील इशारा मात्र कठोर: एकदा प्रकाश मिळूनही जे मागे फिरले, त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणे अशक्य. छळात धर्म सोडलेल्यांना परत घेऊ नये असे म्हणणाऱ्या नोव्हेशनपंथीयांनी याच ओळींचा आधार घेतला. पश्चिमेकडील चर्चने हे पत्र निःशंकपणे स्वीकारायला चौथे शतक उजाडले.