धाप फुप्फुसाची, तितकीच मांड्यांचीही

फुप्फुसाचा कॅन्सर निघाला की कोकणातल्या घरात पेशंटची खुर्ची पडवीत लागते आणि "तुम्ही बसा, मी आणून देते" सुरू होतं. चहा हातात, पाणी हातात, चपलासुद्धा पायाशी. महिनाभरात वाडीची पाखाडी चढणारा माणूस खळं ओलांडतानाच धापू लागतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. कधी खरंच वाढलेला असतो, म्हणून डॉक्टरांना सांगायचंच. पण पुष्कळदा तपासणीत गाठ तेवढीच असते, मांड्या मात्र निम्म्या झालेल्या दिसतात.

मांड्यांचा दमाशी संबंध असा. वापरात नसलेल्या स्नायूची ऑक्सिजन वापरण्याची ताकद घटते. मग थोड्या कामातही त्यात लॅक्टिक आम्ल लवकर साचतं, ते शमवताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढवावा लागतो. खर्च पाय करतात, भरावा लागतो फुप्फुसाला, आणि त्याची ऐपत आधीच कमी झालेली. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर देतात ती डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडंही जास्त दिवस चालली तर मांड्यांचेच स्नायू खातात. व्यायामाने गाठ विरघळत नाही, काढलेला फुप्फुसाचा भागही परत येत नाही. पायांची मागणी तेवढी कमी होते. ऑपरेशनआधी काही आठवडे नेमाने व्यायाम केलेल्यांना नंतर न्यूमोनियासारखे त्रास कमी होतात, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

एकच व्यायाम करायचा तर खुर्चीवरून उठबस. खुर्ची हातांची, न डुगडुगणारी, पाठ भिंतीला टेकवलेली. सारवलेल्या जमिनीवर आणि गुळगुळीत लादीवर प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते. कडेपर्यंत पुढे सरका, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाका आणि श्वास सोडत उठा. बसताना तीन अंक मोजत सावकाश. बहुतेक जण इथेच चुकतात: उठताना श्वास कोंडतात आणि बसताना धपकन अंग टाकतात. सावकाश बसण्यातच मांडीला निम्मं काम मिळतं, ते फुकट जातं. जमत नसेल तर बैठकीवर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवा. सुरुवातीला ५ वेळा, विश्रांती, पुन्हा ५. हळूहळू १० ते १२च्या दोन फेऱ्या, एक दिवस आड.

बाकीचे दिवस चालणं. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही, १० म्हणजे सहनच होत नाही, अशा मापावर धाप ३ ते ४ असावी. पूर्ण वाक्य बोलता यावं, अभंग मात्र म्हणता येऊ नये. २ मिनिटं चाल, १ मिनिट थांब, असं ५ वेळा. पुढे थांबणं कमी करत आठवड्यातून निदान ३ दिवस ३० मिनिटांपर्यंत. २० फुटी पडवीत एक जाऊन-येऊन फेरी साधारण १२ मीटरची, म्हणजे २५ फेऱ्यांत ३०० मीटर होतात. पावसाळ्यात हेच बरं. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरणं निरोग्यालाही परवडत नाही. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, तेव्हा सकाळी लवकर आटपा. चुलीच्या धुराजवळ तर नकोच.

किनाऱ्यावर चालायला जाणाऱ्यांनी भरती-ओहोटी बघून जावं. मऊ कोरड्या वाळूत पाय रुततो आणि त्याच वेगाला जवळपास दुप्पट शक्ती लागते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट पट्टी चालायला योग्य. केमोने पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला असेल तर अनवाणी नको, शिंपला लागलेला कळतही नाही.

धाप लागली की खाली आडवं व्हायचं नाही. गडग्यावर किंवा टेबलावर कोपरं टेकून पुढे झुका, खांदे सैल सोडा. दोन मोजत नाकाने श्वास घ्या, चार मोजत ओठांचा चंबू करून सोडा. वीतभरावरून नाक-गाल-ओठांवर हातपंख्याने वारा घाला. साधा वाटणारा हा उपाय खरंच चालतो. चेहऱ्याच्या नसांना गार वारा लागला की धापेची जाणीव उतरते.

सोबत राहणाऱ्याने काम करून द्यायचं नाही, मोजायचं. आधार द्यायचाच तर बाजूला उभं राहून, एक हात कमरेमागे. दंड धरून ओढलं तर पेशंटचा खांदा आणि ओढणाऱ्याची कंबर, दोन्ही जातात. उठबस आपणही बरोबर करावी. तब्येतीसाठी सांगतात तो आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम काळजी घेणाऱ्या बाईला कुठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: हाडांत आजार गेलाय का? गेला असेल तर कंबर पिळणं, उड्या आणि जड उचलणं बंद. प्लेटलेट ५०,०००च्या खाली किंवा हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर विचारल्याशिवाय काही नको. ऑक्सिमीटर ८८च्या खाली गेला तर थांबा. मात्र बोट गार असलं किंवा नखाला रंग असला तर तो खोटं बोलतो. छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, एकाच पोटरीला सूज, किंवा केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सरळ हॉस्पिटल. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं म्हणजे मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो.

मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तपासणीला जाताना रेल्वेत आठ-नऊ तास बसून राहू नका. कॅन्सरमध्ये पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो. तासातासाला घोटे वर-खाली २० वेळा हलवा, डबा थांबलेला असताना उठून उभं राहा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या फेऱ्या, उठबशी आणि धापेचा आकडा लिहिलेला असेल तर त्याचा फोटो बरोबर न्या. तेवढ्याच फेऱ्यांना आकडा ३ वरून ६ वर चढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.