ऑनलाइन सहवादन

वेगवेगळ्या घरांत किंवा गावांत बसलेल्या कलाकारांनी इंटरनेटवरून एकमेकांना ऐकत एकाच वेळी केलेले गायन-वादन. यात खरी अडचण आवाजाच्या दर्जापेक्षा वेळेची असते: तबलजीची सम पेटीवाल्याच्या कानी किती मिलीसेकंद उशिरा पडते?

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे रंगमंचावर १० मीटर दूर बसलेल्या साथीदाराचा ठोकाही २९ मिलीसेकंद उशिराच ऐकू येतो. एकेरी २५ ते ३० मिलीसेकंदांपर्यंतचा विलंब वादक नकळत सांभाळून घेतात. त्यापुढे दोघेही एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय उतरत जाते. विलंबित लयीत थोडे खपून जाते, द्रुतात नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या त्रितालात एक मात्रा २५० मिलीसेकंदांची. तिच्यात ‘तिरकिट’चे चार बोल बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६२ येतात. ३० चा विलंब म्हणजे अर्धा बोल गेला.

फायबरमध्ये प्रकाश एका मिलीसेकंदात सुमारे २०० किलोमीटर कापतो. सोलापूर-पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे सव्वा मिलीसेकंद. हवेच्या हिशेबाने पुण्याचा वादक हातभर अंतरावरच बसलेला असतो. मात्र फायबर सरळ रेषेत जात नाही. साखर पेठ आणि जुळे सोलापूर इथल्या दोघांची जोडणी वेगवेगळ्या कंपन्यांची असेल, तर एकाच शहरातला आवाज मुंबईला जाऊन परत येऊ शकतो. म्हणून सगळ्यांचे आवाज एकत्र करून परत पाठवणारा सर्व्हर मुंबईतला निवडावा आणि त्याला शंभर वेळा पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजून, पाहावे. पिंग जाऊन-येऊन मोजतो, तेव्हा आकडा निम्मा धरायचा. सरासरीपेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांतला फरक महत्त्वाचा. तो मोठा असला की ऐकणाऱ्याकडचा बफर (आलेला आवाज वाजवण्याआधी क्षणभर साठवण्याची जागा) वाढवावा लागतो, नाहीतर आवाज तुटतो. आणि बफर वाढला की विलंबही वाढतो.

बहुतेक विलंब घरातच तयार होतो. ब्लूटूथ हेडफोन एकटाच शंभर ते दोनशे मिलीसेकंद खातो, त्यामुळे वायरचाच हवा. स्पीकर नको, साथीदाराचा आवाज माइकमधून परत जातो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल टाकावी. साउंड कार्डचा बफर ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना, १२८ नमुन्यांचा ठेवला तर २.७ मिलीसेकंद लागतात, ५१२ ला १०.७. विंडोजवर त्यासाठी साउंड कार्डशी थेट बोलणारा एसिओ (ASIO) ड्रायव्हर लागतो. महागडा प्लॅन घेऊन मात्र काही साधत नाही: एका वादकाला काहीशे किलोबिट पुरतात. घरात कोणी व्हिडिओ अपलोड करत असेल तर मात्र आवाजाला त्यामागे रांगेत थांबावे लागते.

व्हिडिओ कॉलची अ‍ॅप तंबोऱ्याचा अखंड सूर पंख्याची घरघर समजून कापून टाकतात, तेव्हा आवाज गाळण्याची सोय बंद करावी. तरीही लयीसाठी ही अ‍ॅप निरुपयोगीच. सहवादनासाठीच बनवलेले जॅम्युलस, सोनोबस किंवा जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर वापरावे. सोनोबस वादकांचे संगणक एकमेकांना थेट जोडते. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेल्या जोडणीवर ते कधी कधी जुळत नाही, तिथे सर्व्हरवरचे जॅम्युलस बरे. यंत्रमागाशेजारच्या घरात डायनॅमिक माइक वाद्याजवळ लावावा. मागाची स्वतःची लय असते आणि ती ठेक्यात घुसते. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर आणि फायबरची डबी बंद पडते. त्यांना छोटा डीसी यूपीएस जोडावा, अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवून.

लंडनसारख्या ठिकाणी एकेरी विलंबच ५० मिलीसेकंदांच्या वर जातो. तिथे निंजॅम हे सॉफ्टवेअर वेगळा मार्ग काढते: विलंब कमी करण्याऐवजी पूर्ण आवर्तनाचा करते. त्यातला अंतराल, म्हणजे एका खेपेला पाठवला जाणारा तुकडा, १६ मात्रांचा ठेवला तर प्रत्येकाला इतरांचे मागचे आवर्तन ऐकू येते. १२० च्या लयीत ८ सेकंदांपूर्वीचे. लेहरा (तबल्याच्या साथीला पेटीवर वाजणारी ठरलेली सुरावट) दर आवर्तनात तोच असल्याने तबल्याच्या एकलवादनाला हे चालते. पण पेटीवाल्याला तिहाई उशिरा कळते, आणि लय मेट्रोनोमला बांधलेली असते. भजनाच्या शेवटी गजरात आपोआप चढत जाणारी लय त्यात बसत नाही.