बरगड्या मोडल्यावर श्वासाचं काय होतं?

आंब्याच्या दिवसांत रत्नागिरी-देवगडकडे कोणी ना कोणी कलमावरून पडल्याचं कानावर येतंच. हातात घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) असते, पायाखालची फांदी मोडते आणि गडी कुशीवर आपटतो. रक्त नाही, माणूस बोलतोय, मग 'मुका मार आहे' म्हणून घरी शेक देतात. माझा जीव इथेच टांगणीला लागतो.

लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या, की छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो. शर्ट काढून उजेडात बघा. श्वास घेताना बाकीची छाती फुगते, तो तुकडा आत खचतो; सोडताना बाहेर येतो.

1950च्या दशकात हा तुकडा आतून हवेच्या दाबाने धरून ठेवायला अशा रुग्णांना सर्रास व्हेंटिलेटर लावू लागले. 1970च्या दशकात कळलं, की खरं दुखणं तुकड्याच्या मागे आहे. चेचलेलं फुफ्फुस रक्त-पाणी धरून भिजलेल्या काथ्यासारखं जड होतं आणि ते पहिले 24 ते 48 तास बिघडतच जातं. म्हणून पहिल्या दिवशी बरा वाटणारा रुग्ण घरी नेण्याची घाई करू नये.

त्यात वेदना. खोल श्वास घेववत नाही, खोकवत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया गाठतो. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून भूल दिली, की माणूस खोकू लागतो, आणि कित्येकांना एवढ्यावर व्हेंटिलेटर टळतो. 'मशीन का लावत नाही?' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका.

रुग्ण दमला, ऑक्सिजन पुरेनासा झाला, तर मात्र मशीन लागतंच. आपण एरवी हवा आत ओढून घेतो. मशीन ती ढकलतं. जोर जास्त झाला तर फुफ्फुसालाच इजा होते, म्हणून हवा उंचीवरून मोजून देतात: 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला एका श्वासाला साधारण पावणेचारशे मिली. श्वास सोडल्यावरही थोडा दाब राखतात, नाहीतर हवेचे बारीक फुगे मिटून जातात.

फुफ्फुस फाटलेलं असेल तर ढकललेली हवा छातीत कोंडते आणि हृदय दाबते. अशा वेळी आधी बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीत सोडतात. बाटलीत बुडबुडे येतात, ती कोंडलेली हवा. रुग्णाला कोल्हापूरला हलवायचं असेल, तर आंबा घाट चढण्याआधीच डॉक्टरांना विचारा: नळीची गरज आहे का, दुखणं कमी करायचं औषध दिलंय का, आणि ऑक्सिजन वाटभर पुरेल ना? नळी असेल तर बाटली छातीच्या खालीच राहू द्या. वर उचलली तर पाणी उलटं आत जाऊ शकतं.