व्हॉल्व्ह कुपवाडचा, यादी व्हिएन्नाची : 'स्कोमेट' निर्यात परवान्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील जे लघुउद्योजक व्हॉल्व्ह, पंप किंवा मशीनिंग केलेले सुटे भाग परदेशी पाठवतात, त्यांना 'स्कोमेट' हा शब्द बहुधा कस्टम एजंटाच्या तोंडून, आणि तोही माल बंदरात अडकल्यावर, प्रथम ऐकू येतो. विशेष रसायने, जीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही सरकारी यादी आहे. तिच्यातील वस्तू परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आपल्या मालाचा अणुबॉम्बशी काय संबंध, हा प्रश्न स्वाभाविक आहे. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 35 सदस्यीय नियामक मंडळाने 12 जून 2025 रोजी, 19 विरुद्ध 3 मतांनी आणि 11 सदस्य तटस्थ असताना, इराण सेफगार्ड्स करारातील (अणुसाहित्य शस्त्रांकडे वळू नये म्हणून तपासणी मान्य करणाऱ्या करारातील) जबाबदाऱ्या पाळत नसल्याचा ठराव केला. न जाहीर केलेल्या ठिकाणी सापडलेल्या युरेनियमच्या कणांचा समाधानकारक खुलासा इराणने केला नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. पुढे ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने 28 ऑगस्टला इराणवरील निर्बंध परत आणण्याची प्रक्रिया सुरू केली आणि सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाले. इराण, रशिया आणि चीनला ते मान्य नाहीत. या संस्थेचे निरीक्षक हिशेब तपासतात तो मुख्यतः अणुइंधनाचा. ते इंधन समृद्ध करणारी यंत्रे ज्या भागांतून उभी राहतात ते भाग मात्र साध्या कारखान्यांत तयार होतात. म्हणून अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाने, दुहेरी वापराच्या (साध्या उद्योगात आणि अणुकार्यक्रमातही चालणाऱ्या) वस्तूंची वेगळी यादी केली. भारत त्या गटाचा सदस्य नसला तरी त्याने आपली यादी तिच्याशी जुळवून घेतली आहे, आणि आपल्या परकीय व्यापार धोरणातील इराणविषयक परिच्छेदात त्या याद्यांचा थेट उल्लेख आहे. हा परिच्छेद 2015 च्या इराण अणुकराराला मान्यता देऊन हे निर्बंध उठवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या 2231 क्रमांकाच्या ठरावाला बांधलेला होता, त्यामुळे संगणकात साठवलेल्या जुन्या प्रतीवर विसंबू नये आणि अर्जाच्या दिवशी लागू असलेला मजकूरच वाचावा.

यादीत 0 ते 8 असे विभाग आहेत. शून्य विभाग प्रत्यक्ष अणुसाहित्याचा असून त्याचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. सहावा युद्धसामग्रीचा असून तो संरक्षण उत्पादन विभागाकडे आहे. आपल्या भागातील कारखान्यांनी बारकाईने वाचावेत ते तिसरा, चौथा आणि आठवा विभाग. चौथा विभाग अणुकार्यक्रमात उपयोगी पडू शकणाऱ्या इतर उपकरणांचा आहे.

खरी चूक होते ती मालाची ओळख पटवताना. उदाहरणार्थ, बेलोज सील (गळती रोखणारी घडीदार धातूची नळी) असलेला व्हॉल्व्ह घ्या. त्याचा आकार 5 मिलीमीटर किंवा अधिक असेल आणि तो पूर्णपणे अॅल्युमिनियम, त्याचा मिश्रधातू, निकेल किंवा 60 टक्क्यांहून जास्त निकेल असलेल्या मिश्रधातूचा असेल, अथवा त्याला आतून यांपैकी एखाद्या धातूचे अस्तर असेल, तर तो नियंत्रित ठरतो. तोच व्हॉल्व्ह एसएस 316 या स्टेनलेस स्टीलमध्ये केला तर या कलमात बसत नाही. इनकोनेल 625 या निकेल मिश्रधातूची गोष्ट मात्र अवघड आहे, कारण त्या ग्रेडमध्ये निकेल किमान 58 टक्के असावे एवढीच अट असते. एका हीटच्या, म्हणजे धातूच्या एका वितळणीच्या, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटवर 59.2 आणि दुसऱ्या हीटच्या सर्टिफिकेटवर 61.4 येऊ शकते. म्हणजे ड्रॉइंग एकच, ऑर्डर एकच, पण निम्मा माल यादीच्या आत आणि निम्मा बाहेर. अशा वेळी आकड्यांची कसरत न करता सगळाच माल नियंत्रित धरून अर्ज करावा, असे माझे मत आहे. केवळ एचएस कोड (कस्टमसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) जुळवून निर्णय घेणे तर कधीच पुरेसे नसते.

माल यादीत नसला तरी तो सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी जाणार आहे हे ठाऊक असताना पाठवणे हा अशा शस्त्रांविषयीच्या 2005 च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

अर्जदाराकडे चालू आयात-निर्यात कोड हवा. त्याची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावी लागते, अन्यथा तो निष्क्रिय होतो. हे राहून गेल्याचे पुष्कळांना अर्ज भरायला बसल्यावरच कळते. अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरीने भरायचा असतो. तपासणी आणि निर्णय दिल्लीच्या मुख्यालयात होतो, त्यामुळे डीजीएफटीच्या पुण्यातील कार्यालयात खेटे घालून काही साधत नाही. सोबत खरेदी आदेश, मालाचा तांत्रिक तपशील, कंपनीची माहिती आणि अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

या शेवटच्या कागदावरच बहुतेक अर्ज अडतात. दुबईतील व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर 'औद्योगिक वापरासाठी' असे लिहून दिले तर ते चालत नाही. माल शेवटी ज्या कारखान्यात बसणार, त्याचे नाव, पत्ता, नेमका वापर, पुनर्निर्यात न करण्याची हमी आणि अधिकृत व्यक्तीची सही त्यात हवी. मधल्या खरेदीदाराचे आणि माल स्वीकारणाऱ्याचे कागद वेगळे जोडायचे. खरेदी आदेशावरील वर्णन, संख्या आणि प्रमाणपत्रावरील वर्णन यांत अक्षराचाही फरक ठेवू नये. अंतिम ग्राहकाचे नाव सांगायला व्यापारी टाळाटाळ करत असेल, तर ती ऑर्डर सोडून दिलेली बरी.

अर्जावर आंतरमंत्रालयीन कार्यगट विचार करतो. त्यात परराष्ट्र मंत्रालय, अणुऊर्जा विभाग यांसारखी खाती असतात आणि त्यांच्या शंका पोर्टलवरच येतात; तेव्हा रोज लॉगिन करून पाहणारा एक माणूस नेमावा आणि परवाना हाती येण्यापूर्वी ग्राहकाला रवानगीची तारीख देऊ नये. परदेशातून दुरुस्तीसाठी आलेला माल परत पाठवायचा असेल तर त्यासाठी वेगळी सर्वसाधारण परवानगी आहे.

विनापरवाना निर्यात केल्यास परकीय व्यापार कायद्याप्रमाणे दंड होऊ शकतो. माल पोचल्यावर तो सांगितलेल्या जागीच वापरला जातो का, याची पडताळणीही सरकार करू शकते. निर्यातीचे सर्व कागद 5 वर्षे जपावे लागतात, आणि त्याच फाइलमध्ये हीट नंबरसह मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटही लावून ठेवावे, कारण 61.4 की 59.2 हा प्रश्न तीन वर्षांनीही विचारला जाऊ शकतो.